हरताळाचे पटल

हरताळ हे आर्सेनिक आणि गंधक यांचे पिवळेधमक खनिज. आर्सेनिकच्या दोन अणूंना गंधकाचे तीन, असे त्याचे प्रमाण. ते वितळवून निवू दिले की त्याची काच होते, आणि ही काच पातळ थरात बसवली की जे मिळते त्याला पदार्थविज्ञानात चाल्कोजेनाइड काचेचे पटल म्हणतात. गंधक, सेलेनियम आणि टेल्युरियम ही आवर्तसारणीत एकाखाली एक बसलेली भावंडे. त्यांना ‘चाल्कोजेन’ हे कुलनाम 1930 च्या सुमारास जर्मनीत मिळाले. त्यांची आर्सेनिक, अँटिमनी, जर्मेनियम अशा मूलद्रव्यांशी जमलेली संयुगे म्हणजे चाल्कोजेनाइड. या पटलांतून वीज किती वाहते आणि किती काळ अडून राहते, याची शिस्तशीर मोजणी साठ-सत्तर वर्षांची आहे. हरताळाचे थर मात्र मराठी मुलखात त्याच्या फार आधीपासून वापरात होते, आणि त्यातला एक वापर भाषेतच मुरून बसला आहे.

कऱ्हेकाठची बारामती हस्तलिखितांच्या काळात गजबजलेली होती. पन्हाळ्याहून आलेले मोरोपंत पराडकर (1729–1794) बाबूजी नाईकांच्या आश्रयाने येथे राहिले आणि त्यांनी आयुष्यभर लिहिले. परंपरा त्यांच्या नावावर 108 रामायणे मोजते. छापखाने मराठीत रुळायला अजून अवकाश होता. ग्रंथ पसरायचा तो नकलून. नकला करणाऱ्या लेखनिकाच्या पुढ्यात बोरू, काजळ आणि डिंकाची शाई, घोटून गुळगुळीत केलेला हातकागद (पुणे जिल्ह्यात तो जुन्नरला होत असे) आणि चुकीवरचा उतारा म्हणून हरताळ, एवढा सरंजाम असे. हरताळ खलात बारीक करायचे, डिंकाच्या पाण्यात कालवायचे आणि चुकलेल्या अक्षरावर त्याचा हात फिरवायचा. कागद मुळात पिवळसर असल्यामुळे ही पट्टी डोळ्यांत खुपत नसे, आणि वाळल्यावर तिच्यावर पुन्हा लिहिता येई. विषारी असल्याने कसर त्या जागेच्या वाटेला जात नसे, हा वरचा फायदा. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार येथून आला. बाजार बंद ठेवण्याच्या हरताळाशी त्याचा संबंध नाही. तो शब्द हाट म्हणजे बाजार आणि त्याला लावलेले टाळे यांच्यातून आलेला वेगळा शब्द आहे, योगायोगाने सारखा झालेला.

दख्खनच्या काळ्या पाषाणात हरताळ सापडत नाही. ते येई चित्रळच्या डोंगरांतून, कुमाऊंतल्या मुनस्यारीकडून, नाहीतर चीनमधून ब्रह्मदेशमार्गे, आणि काष्ठौषधीच्या दुकानातून लेखनिकाकडे, चिताऱ्याकडे आणि वैद्याकडे पोहोचे. रसशास्त्राने त्याचे दोन प्रकार मानले: पापुद्रे सुटणारे पत्रहरताळ आणि गोळ्यासारखे पिंडहरताळ. पापुद्रे सुटण्याचे कारण स्फटिकाच्या रचनेतच आहे. प्रत्येक थरात आर्सेनिक आणि गंधक घट्ट बांधलेले असतात, पण एक थर दुसऱ्याला फार सैल धरून असतो. अभ्रकाचे पापुद्रे सुटतात तेही अशाच थरांमुळे, फक्त तेथे थरांमधली पकड वेगळ्या जातीची असते.

अभ्रक आणि हरताळ यांची गाठ वैद्यांनी आधीच घालून ठेवली होती. रसमाणिक्य हे औषध करताना शोधन केलेले हरताळ अभ्रकाच्या दोन पत्र्यांमध्ये पसरतात, कडा बोरीच्या पाल्याच्या कल्काने लिंपतात आणि पत्रे विस्तवावर धरतात. सुमारे 310 अंश सेल्सियसला हरताळ वितळते. पत्र्याआड माणकासारखा लाल रंग चढला की खाली उतरवतात, निववतात आणि आतला चकचकीत पापुद्रा काढून घेतात. वितळलेले हरताळ सहजासहजी पुन्हा स्फटिकात परतत नाही, तसेच गोठते. म्हणून हा लाल पापुद्रा बहुतांशी काच असतो. थोडे गंधक उडून गेलेले, कडेला थोडे जळलेले, पण काच. आजच्या प्रयोगशाळेत आर्सेनिक सल्फाइडची काच निर्वात नळीत करून मग तिचे पटल चढवतात. वैद्याने अभ्रकाच्या पत्र्यांमध्ये काच आणि पटल एकाच आचेवर साधले. त्याला हवे होते कुष्ठावरचे औषध. काच होते आहे की काय, याच्याशी त्याला देणेघेणे नव्हते.

पिवळे हरताळ आणि लाल काच यांचा रंग आणि त्यांची विद्युतवाहकता ही एकाच कारणाची दोन रूपे आहेत. पदार्थातल्या इलेक्ट्रॉनांना बांधील अवस्थेतून मोकळ्या अवस्थेत जायला ठरावीक ऊर्जा लागते. हरताळाच्या काचेत ती सुमारे 2.4 इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. निळ्या-जांभळ्या प्रकाशाच्या कणात एवढी ऊर्जा असते, म्हणून तो शोषला जातो. तांबड्या-पिवळ्यात नसते, म्हणून तो पार जातो आणि काच तांबूस दिसते. खोलीच्या तापमानाला उष्णतेने मिळणारी ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या चाळिसाव्या हिश्श्याएवढी, त्यामुळे मोकळे होणारे वाहक अत्यल्प. हरताळाच्या काचेची रोधकता ओहम-सेंटिमीटरमध्ये मांडली तर एकावर पंधरा-सोळा शून्ये चढतात. गंधकाच्या जागी सेलेनियम घातले की हा आकडा एकावर बारा शून्यांच्या आसपास येतो, आणि टेल्युरियम घातले की तीन-चार शून्यांवर. रचना जवळपास तीच, खाली सरकले ते फक्त भावंड. पण वाहकतेत दहाहून अधिक शून्यांचा फरक.

खिडकीच्या काचेतूनही थोडी वीज वाहते, पण ती वाहून नेतात सोडियमचे आयन, म्हणजे अख्खे अणूच जागा सोडून सरकतात. चाल्कोजेनाइड काचेत जागा सोडतात ते इलेक्ट्रॉन आणि त्यांच्या रिकाम्या जागा. म्हणून ही काच अर्धवाहक ठरते. तापमान वाढले की तिची वाहकता घातांकी वेगाने चढते. आर्सेनिक सेलेनाइडसाठी लागणारी सक्रियण ऊर्जा सुमारे 0.9 इलेक्ट्रॉन-व्होल्ट धरली, तर तापमान दहा अंशांनी चढताच वाहकता तिप्पट होते. हिवाळ्यातल्या पहाटे पारा 12 अंशांवर असताना मोजलेले पटल एप्रिलमधल्या 40 अंशांच्या दुपारी पंचवीसपटीहून अधिक वीज वाहू देईल. बारामती-इंदापूरसारख्या उन्हाळी मुलखात तापमान नोंदवल्याशिवाय लिहिलेल्या वाहकतेच्या आकड्याला काही अर्थ उरत नाही.

वीज अडवून धरण्याचा भाग निराळा मोजावा लागतो. दोन धातूच्या थरांमध्ये पटल ठेवून विद्युतदाब लावला, की वाहून न जाणारे भारही जागच्या जागी किंचित ताणले जातात आणि पटलात ऊर्जा साठते. निर्वात पोकळीच्या तुलनेत हा साठा किती पट, तो आकडा म्हणजे डायलेक्ट्रिक स्थिरांक. हरताळाच्या काचेचा हा आकडा सात-आठच्या आसपास, काचरूप सेलेनियमचा सहाच्या थोडा वर. पटलावर ठेवलेला भार किती वेळ टिकेल, ते रोधकता आणि हा स्थिरांक यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात ठरते. हरताळाच्या पटलावर, सोळा शून्यांची रोधकता धरली तर, तो अंधारात तास-दोन तास टिकतो. टेल्युरियमच्या पटलावर सेकंदाच्या कोट्यंशातच निसटतो. एकाच कुळातली पटले इतक्या वेगळ्या कामांना लागली, त्याचे मूळ या गुणाकारात आहे.

त्यातले सर्वांत मोठे काम तहसील कचेरीच्या दारात झाले. सेलेनियमवर प्रकाश पडला की त्याचा रोध उतरतो, हे 1873 मध्ये विलोबी स्मिथ या इंग्रज तारायंत्र-अभियंत्याने जाहीर केले. 1938 मध्ये न्यूयॉर्कच्या अस्टोरिया भागात चेस्टर कार्लसनने जस्ताच्या पत्र्यावर गंधकाचा थर दिला, तो घासून भारित केला, अक्षरे लिहिलेली काच वर ठेवून प्रकाश पाडला आणि वर बारीक पूड भुरभुरवली. प्रकाश पडला तेथला भार निसटला, अक्षरांच्या सावलीत तो टिकला, आणि पूड तेवढ्याच जागी चिकटली. पुढे गंधकाची जागा काचरूप सेलेनियमने घेतली, आणि 1959 मध्ये बाजारात आलेल्या झेरॉक्स 914 यंत्रात सेलेनियमचे पटल चढवलेला पिंप फिरू लागला. अंधारात भार धरून ठेवणे हा डायलेक्ट्रिकचा गुण, उजेडात तो सोडणे हा वाहकाचा. या यंत्राला दोन्ही एकाच थरात हवे होते. भारतात मोदी झेरॉक्स ही कंपनी 1983 मध्ये निघाली आणि काही वर्षांतच कंपनीचे नाव मराठीत सामान्यनाम झाले. सातबारा, फेरफार, जातीचा दाखला, प्रत्येकाची ‘झेरॉक्स’ लागते, आणि बारामती असो की इंदापूर, कचेरीबाहेरच्या टपऱ्यांची ती मुख्य कमाई असते. हरताळाच्या थराने अक्षर झाकले, त्याच कुळातल्या सेलेनियमच्या थराने ते शंभरदा उमटवले. आजच्या यंत्रांतून सेलेनियम गेले आहे. त्याच्या जागी सेंद्रिय पटले आली आहेत, स्वस्त आणि कमी विषारी.

काच अर्धवाहक असू शकते हे मात्र बराच काळ कोणी मानत नव्हते. अर्धवाहकाचे सगळे शास्त्र अणूंच्या नियमित रांगांवर उभे होते आणि काचेत रांगच नसते. लेनिनग्राडच्या इयोफे संस्थेत नीना गोर्युनोवा आणि बोरिस कोलोमियेत्स यांनी 1950 च्या दशकाच्या मध्यास दाखवून दिले की चाल्कोजेनाइड काचा खऱ्या अर्थाने अर्धवाहक आहेत. त्यांच्या निरीक्षणांतले सर्वांत चमत्कारिक हे, की या काचांवर भेसळीचा परिणाम जवळजवळ होत नाही. सिलिकॉनमध्ये दहा लाखांत एक फॉस्फरसचा अणू मिसळला तरी वाहकता कितीतरी पटींनी बदलते. काचेत टक्काभर मिसळले तरी ती ढिम्म. भौतिकशास्त्रज्ञ नेव्हिल मॉट यांनी याचा उलगडा केला. स्फटिकात आगंतुक अणूला ठरलेल्या जागी बसावे लागते आणि त्याचा एखादा हात रिकामा राहतो. काचेत जागा ठरलेली नसते, म्हणून तो आपल्याला हवे तेवढे शेजारी जमवून घेतो आणि त्याचे सगळे हात गुंततात.

1968 मध्ये हा विषय एकदम वर्तमानपत्रांत आला. स्टॅनफर्ड ओव्हशिन्स्की या महाविद्यालयाची पायरीही न चढलेल्या अमेरिकी यंत्रकाराने ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये दाखवले की अशा पटलावरचा विद्युतदाब एका मर्यादेपलीकडे नेला की ते क्षणात वाहक होते. काही काचा दाब काढताच पूर्ववत होतात. टेल्युरियमयुक्त काही काचा मात्र स्फटिकरूप घेऊन वाहकच राहतात आणि एका तीव्र, आखूड धक्क्याने वितळून पुन्हा काच होतात. वाहक आणि अवाहक, एक आणि शून्य. सुरुवातीला या दाव्यांची टिंगलही झाली, पण पुढे जर्मेनियम, अँटिमनी आणि टेल्युरियमचा थर पुन्हापुन्हा लिहिता येणाऱ्या तबकड्यांमध्ये बसला, आणि नंतर संगणकाच्या स्मृतिचिपांमध्येही. मॉट यांना अव्यवस्थित पदार्थांवरील कामासाठी फिलिप अँडरसन आणि जॉन व्हॅन व्हलेक यांच्यासोबत 1977 चे नोबेल मिळाले.

त्या दशकात या पटलांचे मोजमाप एका ठरीव रूपात आले. सरळ प्रवाहाची वाहकता तापमानाबरोबर कशी चढते यावरून सक्रियण ऊर्जा काढायची. फार थंड तापमानाला वाहक मोकळे न होता एका अडकलेल्या जागेवरून दुसरीवर उड्या मारत जातात, तो भाग वेगळा काढायचा. मग उलटसुलट प्रवाह. त्याची वारंवारता वाढवली की काचेची वाहकता वाढते, जवळजवळ वारंवारतेच्या प्रमाणातच. डायलेक्ट्रिक स्थिरांक मात्र उतरतो, कारण भारांच्या जड जोड्यांना इतक्या झपाट्याने दिशा बदलता येत नाही. 1977 मध्ये स्टीफन एलियट यांनी मांडलेल्या प्रतिमानात इलेक्ट्रॉन दोन दोषस्थानांमधला ऊर्जेचा बांध ओलांडून जोडीने उडी मारतात, आणि स्थाने जवळ असतील तसा बांध उतरतो. वारंवारतेचा घातांक तापमानाबरोबर कमी होत गेला की हे प्रतिमान लागू पडते असे समजतात. शोधनिबंधांत या प्रतिमानाइतके दुसरे कुठलेही क्वचितच उद्धृत होते.

भारतात या विषयाचा जम दिल्लीच्या आयआयटीत के. एल. चोप्रा यांच्या गटात आणि बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत बसला. चोप्रांचा पातळ पटलांवरचा 1969 चा ग्रंथ पुढे कित्येक पिढ्या हाताशी ठेवून राहिल्या. पश्चिम महाराष्ट्राची वाट थोडी वेगळी होती. 1962 मध्ये कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ आणि बारामतीत तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय, तालुक्याच्या तोंडी ‘टी. सी. कॉलेज’, दोन्ही सुरू झाली. इंदापूरलाही पुढे विज्ञान शाखा असलेले महाविद्यालय निघाले. काचेचे पटल करायची प्रतिष्ठित रीत खर्चिक आहे. मूलद्रव्ये तोलून क्वार्ट्झच्या नळीत घालायची, हवा काढून नळी वितळवून बंद करायची, भट्टीत अर्धा दिवस तापवून बर्फाच्या पाण्यात बुडवायची, आणि मिळालेली काच निर्वात पात्रात उडवून सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्टीवर बसवायची. निर्वात पंप तासन्‌तास अखंड चालावा लागतो. भारनियमनाच्या काळात तालुक्याच्या गावी ही चैन होती.

कोल्हापूरच्या विद्यापीठातल्या गटाने चोखाळलेली रीत चंचुपात्रातली. धातूचा क्षार, अमोनिया आणि थायोयुरियासारखे गंधक सोडणारे संयुग पाण्यात एकत्र करायचे आणि काचपट्टी त्यात उभी बुडवून ठेवायची. गंधक हळूहळू सुटते आणि धातूशी जुळून काचेवर एकसारखे बसते. चंचुपात्र, तापमापक आणि संयम, एवढेच भांडवल. या गटातले सी. डी. लोखंडे यांनी 1991 मध्ये आणि राजाराम माने यांच्यासह 2000 मध्ये लिहिलेले या रीतीचे आढावे जगभर वाचले गेले. पश्चिम महाराष्ट्रात ही पद्धत इतकी रुजली त्यामागे या आढाव्यांइतकाच तिचा स्वस्तपणाही होता. अशा पात्रात कॅडमियम सल्फाइड सूक्ष्म स्फटिकांचे बसते, तर आर्सेनिक आणि अँटिमनीचे सल्फाइड बरेचदा अस्फटिकी. म्हणजे हरताळाचे पटल निर्वात पात्राशिवाय, पाण्यातूनच मिळते.

पटल करणे सोपे झाले तरी मोजणे सोपे झाले नाही. इतक्या मोठ्या रोधातून जाणारा प्रवाह अँपिअरच्या अब्जांशाहूनही कितीतरी लहान असतो, आणि पावसाळ्यात काचपट्टीच्या पृष्ठभागावर धरलेल्या दमटपणातून त्याहून जास्त वीज झिरपते. न जाणता मोजलेला आकडा पटलाचा नसून ओलाव्याचा असतो. त्यासाठी नमुना निर्वात कोठडीत तापवून कोरडा करतात आणि कडेने गळणारा प्रवाह वेगळा वळवणारे संरक्षक कडे ठेवतात. धातूचा स्पर्श हीदेखील एक खोच. चांदीचा लेप नीट धरला नाही की कमी वारंवारतेला डायलेक्ट्रिक स्थिरांक शेकड्यांत दिसू लागतो. तो पटलाचा गुण नसतो, सांध्यावर साठलेल्या भाराची ती करामत असते. या विषयावरच्या लिखाणात असे फुगलेले आकडे कमी नाहीत. सेलेनियम-टेल्युरियममध्ये तिसरे मूलद्रव्य बदलत तेच आलेख पुन्हा काढण्याची प्रथाही पडली आहे. पदवी त्यातून मिळते, नवे ज्ञान क्वचित. जिथे काचेच्या जाळ्यात प्रत्येक अणूला सरासरी किती शेजारी आहेत याचा हिशेब तिसऱ्या मूलद्रव्याच्या निवडीला जोडला जातो, तिथे मात्र आलेख काहीतरी सांगतो. ही सरासरी 2.4 च्या आसपास आली की जाळे सैल राहत नाही आणि जखडतही नाही, आणि काच सर्वांत सहज होते. हरताळाची सरासरी बरोबर 2.4 आहे.

याच काचेचा आणखी एक गुण अवरक्त किरणांशी निगडित आहे. 2.4 इलेक्ट्रॉन-व्होल्टपेक्षा कमी ऊर्जेचा प्रकाश हरताळ शोषत नाही, म्हणून तांबड्यापलीकडचे अदृश्य किरण त्यातून पार जातात. हरताळाच्या काचेची भिंगे अवरक्त उपकरणांत याचसाठी वापरतात. काजळाची शाई मात्र हे किरण शोषून काळीच राहते. त्यामुळे जुन्या पोथीतल्या पिवळ्या पट्टीवर अवरक्त कॅमेरा धरला आणि थर पातळ असला, तर लेखनिकाने हरताळ फासलेले अक्षर खालून पुन्हा दिसू शकते.